करवंदाचं सिरप आणि अध्यक्षीणबाई

करडीच्या शोभाताई दारूबंदी महिला मंडळाच्या अध्यक्षीण. आठ वर्षं झाली, त्या खुर्चीकडे दुसऱ्या कुणी डोळा वर करून पाहिलेलं नाही. आवाज असा की तळ्याच्या पाळीवरून बोलल्या तर चौकातला माणूस हातातली बिडी विझवतो. अशा बाईवर मे महिन्याच्या भर दुपारी स्वतःच्याच घराचं दार लावून चुलीपाशी लपून बसायची वेळ आली. आणि ती आणली कुणी? पोटच्या पोरानं. तीही आईचं कौतुक करायला जाऊन.

पोराचं नाव भूपेंद्र. नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलात कामाला. काय काम करतो, असं गावात कुणी विचारलं की शोभाताई सांगत, "शरबतं बनवते. मॉकटेल म्हणतात त्याले. दारूचा थेंब नसते त्याच्यात." आता खरं सांगायचं तर बाईंना सगळं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात डोळे तपासायला नागपूरला गेल्या, तेव्हा भूपेंद्रनं मोठ्या हौसेनं हॉटेल दाखवलं. त्याच्या ओट्यामागे भिंतभर बाटल्या मांडलेल्या, आणि त्या काही गुलाबपाण्याच्या नव्हत्या. शोभाताईंनी पाहिलं, मान फिरवली आणि म्हणाल्या, "एसी मस्त हाय रे." विचारलं नाही म्हणजे माहीत नाही, असा बाईंचा कायदा. डोळ्यांचा नंबर वाढला होता, पण इतकाही वाढला नव्हता.

उलट त्या उन्हाळ्यापासून भूपेंद्रची मागणी वाढली. "आई, तुझ्या सिरपासारखं सिरप नागपुरात नाही भेटत." शोभाताई फुगल्या. करवंदं मिठाच्या पाण्यात घालून चीक काढायचा, मंद आचेवर साखरेत शिजवायची, जुन्या पातळाच्या फडक्यातून गाळायची, आणि शेवटी चिमूटभर भाजलेलं जिरं. लालभडक रंग उतरे. बाटल्या एसटीनं नागपूरला जात आणि आईच्या हाताचं नाव तिकडे होई. कशात मिसळून होई, ते बाई मनात येऊ देत नसत.

त्या दुपारी मंडळाच्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला. टाय लावलेला भूपेंद्र उभा. गोड हसून सांगतोय, "हे माझ्या आईच्या हातचं सिरप. गाव करडी, जिल्हा भंडारा. ग्लासात बर्फ, पुदिना, लिंबू, आईचं सिरप आणि साठ मिली पांढरी रम. या उन्हाळ्यातलं आमचं खास कॉकटेल. आम्ही याचं नावच ठेवलंय, शोभाताई."

ग्रुपवर बत्तीस बाया. एकीनंही काही लिहिलं नाही. एरवी सकाळच्या नमस्काराला पन्नास फुलं येतात तिथे! मग मंडळाच्या सचिव आनंदाबाईंचा फोन आला. शोभाताईंनी तो वाजू दिला. पुन्हा आला, पुन्हा वाजू दिला. पोराचा राग आला होता का? आला होता, पण तो दोन मिनिटांचा. तो बिचारा आईचं नाव घेऊन मिरवत होता. नंतर जी आली ती लाज, आणि तिला कुणावर ढकलावं तर समोर दुसरं कुणी नव्हतंच. कानापर्यंत तोंड तापलं.

कारण शकुबाई आठवली.

शकुबाई विधवा बाई, गावाच्या कडेला राहते. घरामागे मोहाची दारू गाळायची आणि त्यावर लेकीला शिकवायची. पाच वर्षांपूर्वी मंडळानं तिच्या घरावर मोर्चा नेला होता. पहिलं मडकं शोभाताईंनी स्वतः फोडलं. आत आंबत घातलेला मोहाचा सडवा नालीत ओतला. शकुबाईची लेक कामिनी दारात उभी राहून पाहत होती. तिच्यादेखत शोभाताई बोलल्या होत्या, "दुसऱ्याच्या घरची राख करून आपली चूल पेटवते, लाज नाही वाटत तुले?" बायांनी टाळ्या वाजवल्या होत्या. नंतर मन मोठं करून शोभाताईंनीच शकुबाईला कामाला लावलं, "जंगलातून करवंदं, जांभळं तोडून आण, मी घेतो. इज्जतीचं काम कर." कितीतरी सभांमध्ये हे उदाहरण त्यांनी छाती पुढे काढून सांगितलं होतं.

म्हणजे शकुबाईनं तोडलेली करवंदं शेवटी दारूच्याच ग्लासात पडत होती. फरक एवढाच की तिकडे एसी होता.

शोभाताईंनी ठरवलं, सिरप बंद. आजपासून एक बाटली जाणार नाही. मग सभेत सांगता येईल की कळल्याबरोबर बंद केलं. हे ठरल्यावर बाईंना जरा बरं वाटलं. पायात चपला सरकवून त्या उन्हातच शकुबाईकडे निघाल्या, उद्यापासून आणू नको म्हणून सांगायला.

शकुबाई ओसरीवर टोपल्यातली करवंदं निवडत बसली होती. हातांवर काट्यांचे ओरखडे. तिनं पाट सरकवला, पाणी दिलं. शोभाताईंनी पाणी पिऊन एका दमात सांगून टाकलं, "शकू, आता करवंदं नको आणू. भूपेंद्र त्याची दारू बनवून राहिला. मले आज समजलं."

शकुबाईचे हात थांबले नाहीत. "मले तीन वर्षं झाली माहीत हाय," ती म्हणाली.

"तुले? कोणी सांगतलं?"

"कामिनीनं. त्याच हॉटेलात त खोल्यांचं काम करते ते. तुमच्या भूपेंद्रनंच लावून देल्लं."

ही नोकरी लावून दिल्याचंही शोभाताईंनी गावभर सांगितलं होतं. पण त्या पोरीलाही डोळे आहेत, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"मग बोलली काहून नाहीस?"

"काय बोलू? बोलून माझी मडकी सांधणार होती का?" शकुबाई शांतपणे म्हणाली. "कामिनी म्हणे, आई, भर सभेत सांगून दे. मी म्हटलं, राहू दे. त्यायचाबी पोरगाच हाय, पोट भरून राहिला."

शोभाताईंना वाटलं, हिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर आपल्याला उलट बोलता आलं असतं. भांडणात त्या कधी हरल्या नव्हत्या. इथे भांडणच नव्हतं.

"तरी आता बंदच करतो," त्या कशाबशा म्हणाल्या. "लोकं काय म्हणतील?"

आता मात्र शकुबाईनं मान वर केली. "ताई, तवा गावासाठी माझी मडकी फोडली. फोडा म्हटलं, गावाचं भलं होत असन. आता हे करवंदं बंद करून राहिल्या, ते कोणासाठी?"

शोभाताईंनी तोंड उघडलं, पण सभेतलं एकही वाक्य कामाला येईना. मग म्हणाल्या, "माझ्या नावासाठी." आणि तेवढं बोलल्यावर रडल्या. कुणासमोर रडायची त्यांची ही पहिलीच वेळ, आणि समोर होती शकुबाई.

शकुबाईनं त्यांना रडू दिलं. समजूत घालायला गेली नाही. घालावी तरी का? ऊन उतरल्यावर तिनं निवडलेली करवंदं पुन्हा टोपल्यात भरली आणि विचारलं, "देऊ का घरी पोचवून?"

"नको. मीच नेतो," शोभाताई म्हणाल्या.

टोपलं डोक्यावर घेऊन त्या निघाल्या. वाट आनंदाबाईंच्या दारावरून जाते आणि आनंदाबाई ओट्यावर बसलेल्याच होत्या, शेजारी आणखी तिघी. "ताई, फोन नाही उचलला? आन हे टोपल्यात काय हाय?"

लोणच्याची करवंदं, असं शोभाताईंच्या अगदी ओठावर आलं होतं. चौघींनाही ते चाललं असतं. सगळ्यांचीच सुटका झाली असती.

"करवंदं," त्या म्हणाल्या. "सिरपाची. भूपेंद्र दारूत घालते ते. मले दोन वर्षांपासून माहीत होतं."

आवाज इतका बारीक निघाला की शेवटचं वाक्य पुन्हा म्हणावं लागलं. आनंदाबाईंनी पाय आखडून घेऊन वाट दिली. शोभाताई मान खाली घालून घरापर्यंत चालत गेल्या आणि चूल पेटवून करवंदं मिठाच्या पाण्यात टाकली.