मैनाला आणलेला दगड

जयगडचा आत्माराम बोटीवर खलाशी होता. वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रावर जायचे, आणि घरी आला तरी तोंडातून शब्द फुटायचा नाही. चौऱ्याऐंशी साली निघताना त्याने बायकोला, मैनाला विचारलं, "तुला काय आणू?"

तो पुन्हा चालला म्हणून तिचा जीव कासावीस झाला होता. "दगड आणा!" ती फणकारली.

पुढच्या वर्षी तो खरोखरच दगड घेऊन आला. करवंटीएवढा, काळाकुळकुळीत, चकचकीत. उन्हात धरला की पातळ कडेतून धुरकट उजेड दिसायचा.

"अहो, ही तर काच! कुणीतरी बाटली फोडून तुमच्या गळ्यात मारलीन."

"दगडच आहे. डोंगरावरून मी उचललाय."

शेजारणी हसल्या. आत्माराम जेवताना पानावरून लवकर उठला. मैनाला चुटपुट लागली. आपण रागाने बोललो आणि यांनी परमुलखात ते आठवणीत ठेवलं! सकाळी तीच म्हणाली, "चला रत्नागिरीला. कॉलेजात विचारू."

तिथे भूशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी भिंगातून दगड न्याहाळला.

"तुम्ही दोघंही बरोबर आहात," त्या म्हणाल्या. "ज्वालामुखीचा तापलेला रस झटकन थिजला. आपल्या काळ्या कातळात बारीक स्फटिक असतात, इथे ते धरायला वेळच मिळाला नाही. म्हणून ही काच. पण भट्टीतली नव्हे, जमिनीने आपली आपण केलेली. म्हणून हिला खडकच म्हणतात."

"आणि बाटलीची?"

"ती माणसाने केलेली. तो खडक नव्हे."

"म्हणजे यांचा दगड खरा?"

"अगदी खरा."

परतीच्या एसटीत मैनाने दगड रुमालात गुंडाळून मांडीवर घेतला. "कुठला हो हा डोंगर?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत त्याच्या सफरीबद्दल तिने कधी काही विचारलं नव्हतं. बोटीचं नाव काढलं तरी ती उठून जायची.

आत्मारामने तिच्याकडे पाहिलं आणि बोलू लागला. इटलीजवळचं लिपारी बेट. बोटीत तिथला पांढरा दगड भरायचा होता. अख्खा डोंगर मिठागरासारखा पांढरा, मधेच कुठेतरी हा असा काळा दगड. "आणि तो दगड इतका हलका, की पाण्यात पडला तर तरंगतो."

"पुरे! आता दगडही तरंगवा."

"आईशपथ!" तो हसला. मग तिथली माणसं, तिथली मासळी, बंदरावरच्या म्हाताऱ्या, सगळं सांगत सुटला. जयगडला गाडी रिकामी झाली, कंडक्टरने दोनदा हाक मारली, तरी ती दोघं आपली बसूनच होती.