तळघरातल्या भिंतीले आभाळी रंग

मंडळी, आज रंगाच्या दुकानात आमची चांगलीच जुंपली. नातवंडांची खोली तळघरात, खिडकी नाही. सुनेले पांढरा पाहिजे, नातीले आभाळी. नात जिंकली.

मले सत्तरच्या दशकातलं शिरपूरचं घर आठवलं. उन्हाळ्यात आमी बहिणी बाबांच्या दुकानाखालच्या गार तळघरात झोपत होतो. धाकटी बेबी मात्र खाली उतरेच ना. "तिथं आभाळ दिसत नाही," म्हणून रडे.

बाबांनी अंगणात चुन्यात नीळ कालवली. उन्हात रंग अस्सा आभाळी! पण तळघराच्या भिंती रंगवून वाळल्यावर खाली कंदील नेला, तं पिवळ्या उजेडात सगळं हिरवं. बेबीनं पुन्हा भोकाड पसरलं.

बाबा म्हणाले, "आभाळ नाही तं नाही, बेबे. हे आपलं वावर समज, हिरवंगार शेत. वावरात कोनी भेते का?"

बेबी त्याच भिंतीले चिकटून झोपली.

आज आम्ही भिंतीवर एक पट्टा मारून पिवळा बल्ब लावला. नात म्हणे, "आजी, हे तं हिरवं दिसून राह्यलं!" सून म्हणे, "पांढरा बल्ब लावू, निळं दिसन."

मी बेबीले फोन करून विचारलं. ती आता स्वतः आजी आहे.

"खबरदार बल्ब बदलला तं," ती म्हणाली. "वावर राहू दे लेकराइले."