गाडीपाशी थांबलेला माणूस

आमच्या यांना गल्लीत सगळे पायलट म्हणतात. गाडी अशी चालवतात की मागच्या सीटवरच्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळत नाही. सव्वीस वर्षं एकाच मालकाची गाडी. वर्षातून एकदा दक्षिणेतल्या त्या डोंगरावरच्या देवाला जायचं, दोन दिवस जायला, दोन दिवस यायला. शेवटच्या चढाला नुसती वळणं. तिथे मालकांना मळमळतं, म्हणून हे बिचारे दुसऱ्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी चढवायचे. आणि वर पोचलं की मालकांचं ठरलेलं, "तू गाडीपाशी थांब."

एवढ्या वेळा देवाच्या दारात जाऊन या माणसाने पाहिलं काय, तर कळस आणि पार्किंगची भिंत! मी चिडायचे. हे म्हणायचे, "नोकरी आहे गं, चालायचंच."

नऊ वर्षांपूर्वी मात्र आमची थोरली लेक दवाखान्यात होती. ऑपरेशन तीन दिवसांवर आलं होतं, तरी मालकांनी रजा दिली नाही. वर पोचल्यावर यांनी हात जोडले. "मालक, पाच मिनिटं द्या. पोरीसाठी डोकं टेकून येतो."

"आणि कोणी आरसे काढून नेले म्हणजे? तुझ्या वाटचा नमस्कार मी करतो."

केला की नाही, त्यांचं त्यांना माहीत. लेक गेली. देवाने नेली असं मी म्हणत नाही, डॉक्टरांनी आधीच कल्पना दिली होती. पण ते आरसे माझ्या डोक्यातून गेले नाहीत. यांच्याही नाही. नोकरी सोडायची कशी? धाकटी शाळेत होती.

यंदा मालकांच्या डोळ्यांनी दगा दिला. चार-सहा महिन्यांत काहीच दिसणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मालकांनी एकच धोशा लावला, नजर आहे तोवर देवाचं मुख बघायचं. गुडघे तर कधीच गेलेले. म्हणून म्हाताऱ्यांच्या वेगळ्या दाराचा एका दिवसाचा पास काढला, दुपारी एक ते तीन. त्यावर सोबत्याचं नाव लागतं. मालकांचा मुलगा चक्क नाही म्हणाला, तेव्हा मालकांनी यांचं नाव घालून टाकलं. यांना सांगितलंसुद्धा नाही. कागदापुरतं तर आहे, खुर्ची ढकलायला तिथला हमाल मिळेलच, असं त्यांनी गृहीत धरलं.

वर पोचल्यावर नेहमीचंच, "तू गाडीपाशी थांब." हमाल चाकांच्या खुर्चीतून मालकांना घेऊन गेला आणि वीस मिनिटांत तसाच परत आला. मालक घामाघूम. दारावरचा शिपाई म्हणे, पासवर नाव असलेलाच सोबती लागेल, दुसरा चालणार नाही.

"अरे, चल लवकर! तुझं नाव आहे पासवर."

यांनी काच पुसणं थांबवलं नाही. "मला गाडीपाशी थांबायला सांगितलंय."

"खड्ड्यात गेली ती गाडी! चल, तुलाही दर्शन होईल."

"आणि कोणी आरसे काढून नेले म्हणजे?"

मालकांना उमजायला जरा वेळ लागला. उमजलं तेव्हा तोंड एवढंसं झालं. मग आरडाओरडा झाला, कामावरून काढण्याची धमकी झाली. शेवटी त्यांनी हात जोडले. "पाया पडतो रे तुझ्या. पुढच्या वर्षी मला दिसणार नाही."

"तुमच्या वाटचा नमस्कार मी करतो," हे म्हणाले, आणि कळसाकडे बघून खरंच केला. तीन वाजले, दार बंद झालं. घरी पोचल्यावर नोकरी गेली, ती जाणारच होती.

हे सगळं ऐकून मला काय वाटलं? काळजाला गारवा वाटला! खोटं कशाला बोलू? मालकांनी हात जोडले तेवढं तर मी यांना दोनदा सांगायला लावलं. मग मात्र राहवलं नाही. म्हटलं, "पण अहो, त्यापायी तुमचंही दर्शन हुकलं की."

"पोरगी होती तेव्हा जायचं होतं मला," हे म्हणाले. "आता आत जाऊन मागू काय?"