दुसरी खूण

विद्यापीठाच्या नामांतराच्या धामधुमीत वसतिगृह बंद झालं आणि परीक्षा तर तोंडावर आलेली. वाळूजच्या रस्त्याला एका कंपनी कामगाराच्या घरात मला खोली मिळाली होती. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. एकट्यानं वाचलेलं मला कळायचं नाही. वर्गातला मित्र समजावून सांगायचा. त्याला राहायला जागा नव्हती. "आणा की अजून एक जोडीदार," असं मालक आदल्या दिवशीच म्हणाले होते, म्हणून मी त्याला घेऊन गेलो.

त्याच आठवड्यात सरांनी शिकवलं होतं. शरीराची राखण करणाऱ्या पेशींच्या अंगावर प्रथिनं असतात, त्यांना ग्राही म्हणतात. समोरचं आपलं की परकं, हे ती चाचपून ओळखतात. पण तेवढ्यावर पेशी उठत नाही. खरोखर धोका आहे, अशी दुसरी खूण दुसऱ्या ग्राहीला मिळावी लागते. नाही मिळाली तर पेशी गप्प बसते. हे मला फार आवडलं होतं. का, ते नीट सांगता आलं नसतं.

मालक ओट्यावर चहा पीत होते. "बसा. पूर्ण नाव?"

मित्रानं सांगितलं. आडनाव सगळ्याच जातींत सापडणारं. मालकांची बशी ओठांपाशी थांबली.

"म्हंजे कोणत्यातले?"

"बीएस्सीतले."

मला हसू आलं. मालकांना नाही. "तसं नव्हं, भाऊ. समजून घ्या की."

"कंपनीच्या बसमधी शेजारच्याला विचारता का, काका?"

मालकांनी बशी खाली ठेवली. "खोली लहान हाय. दोघांचं जमायचं नाय."

आम्ही फाटकाबाहेर पडतो तोच मागं बादली वाजली. मालकीणबाई मित्र बसला होता तेवढाच ओटा फिनेलनं धूत होत्या. माझी जागा कोरडीच. किळस घाणीची येते असं मला वाटायचं. ही धुण्याची आली.

मित्र म्हणाला, "सरांची पेशी बरी. दुसरी खूण नाही मिळाली तर गप तरी बसते. यांना, जात सांगितली नाही हीच खूण."

मी परत जाऊन खोलीतली माझी ट्रंक उचलली.

"अहो, तुम्हाला कुठं काय म्हणलो? तुम्ही तर आपलेच," मालक म्हणाले.

त्या 'आपले'ची मला जास्त शिसारी आली. त्या ओल्या जागेवरच बसून मी चपला घातल्या आणि निघालो.