आधीची ओळ

मार्थावहिनी आमच्याच चाळीत, खालच्या मजल्यावर राहतात. त्यांचे यजमान परळच्या इस्पितळात अत्यवस्थ होते, तेव्हा पलंगाशी प्रार्थना करून मी म्हणालो होतो, "वहिनी, मनात शंका आणू नका. पूर्ण विश्वास ठेवलात तर भाऊ नक्की उठतील." भाऊ उठले नाहीत. त्यानंतरही वहिनी चर्चमध्ये उपासनेला येत राहिल्या, पण प्रभुभोजनाची भाकर समोर आली की आपण त्या लायकीच्या नाही अशा मान खाली घालून, तुकडा न घेताच ताट पुढे देत.

हे पहिल्यांदा हेरलं ते बाईंनी. गिरगावातल्या आमच्या मंडळीत नुसतं 'बाई' म्हटलं की शब्बाथ शाळेच्या, म्हणजे रविवारच्या शास्त्रवर्गाच्या बाई. मला आणि वहिनींना त्यांनीच पवित्र शास्त्र शिकवलं. कुणी एखादं वचन फेकलं की बाई चष्मा पुसत विचारत, "कुठे लिहिलंय? आणि आधीच्या ओळीत काय आहे?" एकदा पाहुण्या उपदेशकाला त्यांनी दारातच गाठून हे विचारलं, तेव्हा पाळकसाहेबांनी घाईघाईनं चहा मागवला.

कॉलेजात असताना मी त्यांच्याशी वाद घातला होता. "बाई, प्रभूवर प्रेम असलं की झालं. शास्त्राचं एवढं काटेकोर शिक्षण कशाला हवं?"

"बाजारात पापलेट घेताना ताजं आहे का ते कल्ला उचलून बघतोस ना?"

"बघतो."

"का रे? माशावर प्रेम नाही तुझं?"

मी हसलो आणि त्यांच्या वर्गाला जाणं सोडलं. पुढे घरोघरच्या प्रार्थनासभांना जाऊ लागलो. तिथे गाणी छान असत, आणि आधीची ओळ कुणी विचारत नसे. वहिनींना ऐकवलेलं ते वाक्य मी तिथूनच उचललं होतं.

भाऊंना जाऊन काही महिने झाले असतील. बाईंनी घरी बोलावलं. "मार्थाला काय सांगितलंस तू?" मी सगळं सांगितलं. बोलणी खायची तयारी होती. त्यांनी माझ्यापुढे शास्त्र ठेवलं आणि प्रेषित पौलाच्या शरीरातल्या काट्याचा, त्याच्या न सुटलेल्या दुखण्याचा भाग वाचायला लावला.

"हा काटा काढ म्हणून तीनदा देवाकडे मागितलं त्यानं. काटा निघाला?"

"नाही."

"मग विश्वास कमी पडला म्हणायचं त्याचा?"

मी पुस्तक मिटून उठलो. म्हणालो, "आत्ता जाऊन माफी मागतो."

"नुसता रडून येऊ नकोस. खोटं काय शिकवलंस आणि खरं काय, ते नीट सांगता आलं पाहिजे. नाहीतर तू हलका होशील आणि तिचं ओझं तिच्याकडेच राहील."

त्या हिवाळ्यात दर शनिवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. मेथी निवडता निवडता त्यांनी मला मुळापासून शिकवलं. कृपा म्हणजे काय, विश्वास म्हणजे काय. विश्वास हे देवावर टाकायचं दडपण नव्हे. चाळिशी उलटलेल्या माणसाला कुणी असं पुन्हा पहिल्या पाठापासून शिकवतं, हे माझं भाग्य. शिकलो, पण वहिनींच्या दारापर्यंत जाऊन परत फिरत राहिलो. तेवढ्यात बाई गेल्या.

शिवडीच्या दफनभूमीत त्यांना माती देऊन बाहेर आलो. बसस्टॉपवर वहिनी एकट्याच उभ्या होत्या.

"वहिनी, तुमच्या शंकेमुळे भाऊ गेले नाहीत. मी तुम्हाला खोटं शिकवलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "मला बरं वाटावं म्हणून म्हणताय?"

"नाही."

"मग कुठे लिहिलंय?"

मी पिशवीतून शास्त्र काढलं आणि काट्याच्या बरंच आधीपासून वाचायला लागलो. बस आली आणि गेली. वहिनींनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, तो भाग पुन्हा स्वतः वाचला आणि पदर डोळ्यांना लावला.

"माझं चुकलं, वहिनी," मी म्हणालो. "मला माफ करा."