हवा कुठून शिरतेय

कराडच्या त्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाही. गाडी आली की तो आधी डोळे मिटून इंजिन ऐकतो, आणि तोवर कुणी बोललेलं त्याला खपत नाही.

मी हौसेनं जुन्या गाडीच्या इंजिनात बदल केले होते. तेव्हापासून ते उभ्या उभ्या गचके द्यायचं, कारण कुठून तरी नको ती हवा आत शिरत होती.

"स्प्रे मारून बघू की," त्याचं ऐकून झाल्यावर मी कार्ब्युरेटर साफ करायच्या स्प्रेचा डबा पुढं केला. चालू इंजिनावर तो मारला की गळतीच्या जागी आवाज बदलतो, हे मोबाइलवर पाहिलं होतं.

त्यानं गाडी बंद केली आणि तो डबा पार कुंपणापाशी नेऊन ठेवला. "आवं, तापल्या इंजिनावर ह्यो भडकतोय. थंड हू द्या."

तासाभरानं त्यानं यंत्रानं हळूच आत धूर सोडला. मी वाकून बघत राहिलो. मीच जोडलेल्या नळीच्या क्लिपखालून पांढरी रेघ वर आली.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"ऐकलं तवाच. पन डोळ्यानं बगितल्याबिगर तुमी स्प्रेचा नाद सोडला नसता."