मणिबेलीच्या लाँचवरचे पाहुणे

लग्नकार्यात चार माणसं जमली की कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "यांना लाँचच्या गोष्टी विचारा!" खरं सांगू? आता कंटाळा येतो. नोकरी सुटून किती वर्षं झाली, पण किस्से काही सुटत नाहीत. माळ्यावरच्या सामानासारखे साठून राहिलेत. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात.

मी तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा. घरी केळी आणि कापूस. मॅट्रिकला माझं इंग्रजी बरं होतं, एवढाच माझा गुन्हा! त्या पन्नास-साठ सालच्या दिवसांत सुरतेकडच्या एका हौशी शेठनं कुठल्याशा संस्थानाची जुनी लाँच विकत घेतली. तिचे सुटे भाग बैलगाड्यांतून आणि पुढे माणसांच्या खांद्यावरून सातपुडा ओलांडून नर्मदेवर नेले, तिथे जोडले आणि जाहिरात केली: 'राजेशाही थाटात अरण्यप्रवास!' चार केबिन, पितळी कठडे, पांढरे टेबलक्लॉथ. पाहुणे परदेशातले, नाहीतर मुंबईचे. रेल्वेनं नंदुरबार, जीपनं तळोदा-अक्कलकुवा, आणि रस्ता संपला की पायी नाहीतर डोलीतून नर्मदाकाठच्या मणिबेली गावापर्यंत.

त्यांना आणायचं, जेवू घालायचं, परत पोचवायचं आणि मधल्या वेळात त्यांचं ऐकून घ्यायचं, याला मॅनेजर म्हणतात. मी ते सात हंगाम केलं. लाँच चालवायला भरूचकडचे कासमभाई होते, स्वयंपाकाला नंदुरबारचा दगा आणि वाट दाखवायला मणिबेलीचाच खात्र्या. खात्र्या माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. घरी भिली बोलायचा, आमच्याशी मोडक्या अहिराणीत.

*

माझे पहिले पाहुणे उतरले तेच मुळी मिरचीच्या दिवसांत. नंदुरबारला त्या दिवसांत जिकडेतिकडे मिरची वाळत पडलेली असते, गाडीतून पाय खाली टाकला की शिंक येते. आम्हाला सवय. विलायतेहून आलेल्या त्या साहेबाला काय सवय असणार?

एक शिंक, दोन शिंका, मग मोजायचं मी सोडून दिलं. साहेबाचे डोळे लाल, नाक लाल, गालांवरून पाण्याच्या धारा. मॅडम रुमाल घेऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवतायत. मी हार घेऊन तसाच उभा.

शेजारी एक म्हातारा हमाल डोक्यावर ट्रंक घेऊन थांबला होता. त्याच्यानं बघवेना. त्यानं ट्रंक खाली ठेवली आणि फार मायेनं साहेबाला म्हणाला, "रडू नका साहेब! सांजनी गाडी परत जास!"

*

शेठचा हुकूम होता, पाहुण्यानं मागितलेलं काहीही 'नाही' म्हणायचं नाही. एका साहेबानं बर्फ मागितला.

सातपुड्यात बर्फ! दगा स्वतः निघाला. सुरतेहून गाडीनं आलेली लादी नंदुरबार स्टेशनवर उतरवून घेतली, लाकडाच्या भुशात घातली, वर तीन गोणपाटं गुंडाळली. जीपनं जिथवर जाता येतं तिथवर नेली, पुढे डोक्यावर. वाटेत ओढा दिसला की गोणपाट भिजवायचं आणि पुन्हा चालायचं. दोन दिवसांनी तो लाँचवर पोचला तेव्हा त्या लादीचा एक लिंबाएवढा खडा उरला होता. दगाच्या पाठीवरून मात्र पाणी गळत होतं.

आम्ही तो खडा काचेच्या ग्लासात ठेवला, ग्लास चांदीच्या तबकात ठेवला, आणि दगानं पगडी नीट करून तो स्वतः साहेबापुढे नेला.

साहेब म्हणाले, "नो आइस टुडे, थँक यू. घसा दुखतोय."

दगा तबक घेऊन मागे आला. तो खडा त्यानं स्वतःच्या कपाळावर धरला आणि पाण्याच्या पिंपाला टेकून बसला. सगळा विरघळल्यावर म्हणाला, "भाऊ, दोन दिन ह्या बरफले मी पोऱ्यासारखा सांभाळा!"

*

मुंबईचे एक कापडवाले गृहस्थ आले होते. इथल्या शूलपाणीच्या झाडीत नर्मदेच्या परिक्रमावाल्यांना लुटतात असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं. केबिनला आतून कडी, कडीला दोरी, दोरीला घंटा! जेवायलाही बॅग मांडीवर घेऊन बसायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "तो तुमचा वाटाड्या. त्याला स्पष्टच विचारा, आमच्या सामानाला धोका आहे का?"

मला विचारायची लाज वाटली, पण मॅनेजर ना! विचारलं. खात्र्या म्हणाला, "सामान दखाडा."

बॅग उघडली. खात्र्या उकिडवा बसला आणि एकेक वस्तू हातात घेऊन नीट बघू लागला. टाय. "हाई काय शे?" गळ्यात बांधतात. बाजूला. बुटाला लावायचं पॉलिश. वास घेतला, बाजूला. रेशमी झब्बा. उन्हात धरून बघितला, आरपार दिसलं, बाजूला. दाढीचा ब्रश, पत्ते, अत्तराची बाटली. सगळी बॅग रिकामी झाली, तेव्हा त्यानं सगळं जसंच्या तसं परत भरलं आणि गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बिनघोर झोपा शेठ. तुमनापाशी लुटासारखं काहीच नही!"

*

चौथ्या हंगामात लाँच वाळूत रुतली. कासमभाईंची चूक नव्हती. पाणी उतरलं होतं. दोन दिवस आम्ही ढकलतोय, खणतोय, आणि वर डेकवर सहा पाहुणे. काय सांगावं? मी तोंड हसरं करून सांगितलं, "हा आपला खास मुक्काम! इथून पक्षी फार छान दिसतात."

आणि दिसले की हो! पाहुणे खूश. सकाळ-संध्याकाळ दुर्बीण लावून बसायचे. खाली आम्ही गुडघाभर चिखलात, वर टाळ्या.

पुढच्या वर्षी शेठचं पत्र आलं. त्या पाहुण्यांनी आपल्या मित्रांना सांगितलं होतं, मित्र येणार होते, आणि त्यांना तोच 'वाळूचा मुक्काम' हवा होता. पण त्या वर्षी पाणी भरपूर!

मी कासमभाईंना पत्र वाचून दाखवलं. ते बराच वेळ सुकाणूच्या चाकाच्या पितळेवरून हात फिरवत राहिले. "मॅनेजर साहब, पच्चीस साल हो गए. तूफान में फँसी, पत्थर पे चढ़ी, सब हुआ. मगर जानबूझकर..."

रुतवली बिचाऱ्यांनी. डोळे मिटून रुतवली! त्या दिवशी जेवले नाहीत.

*

आता एका मॅडमची गोष्ट. उंच, हडकुळ्या, साठीच्या पुढच्या. बरोबर कोणी नाही. लाँचवर एक तक्रारवही असायची. तिच्यात त्या रोज सकाळी एकच ओळ लिहायच्या: 'गरम पाणी पुन्हा उशिरा.' सहा दिवस, सहा ओळी. दगा त्यांना बघितलं की पिंपामागे लपायचा.

सातव्या दिवशी सकाळी नाश्ता चालू असताना खात्र्या काठाला टेकवलेल्या फळीवरून धावत आला. त्याची सून दोन दिवस बाळंतपणात अडली होती. गावातल्या बायांनी हात टेकले होते. दवाखाना नदीच्या खालच्या अंगाला, आणि एवढ्या वेगानं तिथवर जाणारं पाण्यावर एकच वाहन होतं. आमचं.

शेठचा दुसरा हुकूम होता: पाहुण्यांखेरीज गावातलं कोणीही डेकवर चढता कामा नये. त्यावरून माझ्या आधीच्या मॅनेजरला घरी बसवलेलं. खात्र्यानं 'न्या' असं म्हटलंही नाही. नुसता माझ्याकडे बघत उभा. माझ्या घरी त्या वर्षी बहिणीचं लग्न ठरलेलं. नोकरी गेली तर काय, एवढंच माझ्या डोक्यात. आज सांगायलाही बरं वाटत नाही, पण मी गप्प राहिलो. किती वेळ कोण जाणे.

मॅडमनी विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. त्या उठल्या, आपल्या केबिनमध्ये गेल्या, पलंगावरची आपली पुस्तकं, टोपी, शाल उचलून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "केबिन रिकामी आहे. तुम्ही कशाची वाट बघताय?"

झोळीतून सुनेला आणलं. बरोबर खात्र्याची बायको. कासमभाईंनी त्या दिवशी लाँच अशी हाणली की कठडे थरथरत होते. दगाच्या चुलीवर पाण्याची तीन पातेली. मॅडम बाहेर बटाट्याच्या पोत्यावर ताठ बसून. मी मात्र पुढून मागे, मागून पुढे. खात्र्या पाण्याकडे तोंड करून बसला होता.

दवाखान्याचा घाट दिसायला लागला, तेवढ्यात केबिनमधून पोराचं रडणं ऐकू आलं. मुलगी! आई आणि मुलगी दोघी सुखरूप. दगा हातातलं पातेलं टाकून मोठ्यानं रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भीत भीत तक्रारवही उघडली. मॅडमचं अक्षर. लिहिलं होतं: 'काल गरम पाणी वेळेवर मिळालं. पहिल्यांदाच.'

*

सातव्या हंगामात पाहुणे आटले. लाँचचं इंजिन खोकायला लागलं, आणि आम्ही सगळेच. शेठनं लाँच सरकारी पाहणीला दिली. चार साहेब आले, दुर्बिणी, मोजणीच्या साखळ्या, नकाशे. आठ दिवस ते मणिबेलीच्या डोंगरावर चढउतार करत होते. मोठे साहेब वागायला सज्जन. खात्र्याला 'तुम्ही' म्हणायचे.

शेवटी त्यांनी घरांच्याही वर, पार चढावर, एक घडीव दगड पुरला. त्यावर पांढरा पट्टा ओढला. खात्र्यानं विचारलं, हे काय?

साहेबांनी मला सांगायला लावलं. "यांना सांगा, पुढेमागे इथे मोठं धरण होईल. तेव्हा नदीचं पाणी या दगडापर्यंत येईल."

मी सांगितलं. खात्र्यानं दगडाकडे बघितलं. मग खाली घरांकडे. मग त्याहून खाली नदीकडे. पुन्हा विचारलं, "ह्या दगडपावत?"

"हो."

"नक्की?"

साहेबांनी नकाशा उघडून दाखवला. खात्र्यानं नकाशावरही वाकून बघितलं आणि मान हलवली. मग तो गावात गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघायच्या तयारीत. सामान चढलेलं, कासमभाई चाकावर. एवढ्यात डोंगरावरून माणसं उतरताना दिसली. मधे लांब बांबू, बांबूला दोर, दोराला काहीतरी जड. पुढे खात्र्या. सगळे घामानं निथळत होते. पाण्याच्या अगदी कडेला त्यांनी ते ओझं हळूच खाली टेकवलं.

पांढऱ्या पट्ट्याचा दगड!

मोठे साहेब ताडकन उठले. "अरे, हे काय केलंत?"

खात्र्यानं डोक्याचं फडकं काढून तोंड पुसलं. धाप लागली होती, तरी हात जोडून अदबीनं म्हणाला, "साहेब, पानी दगडपावत येई, अशे तुमीच सांगं ना? म्हनीसन आम्ही दगडच पानीपाशी आना. आते पानीले वर चढानं काम नही."